शिडीची कुंची

१

दुपारची भांडी झाली, आत्याबाई वाकळ टाकून ओसरीत आडव्या झाल्या, की मी कोमलला झोळीत घालायचे आणि मशीन उघडायचे. आत्याबाई म्हणजे माझी सासू, शकुबाई. झोळी मशीनच्या अंगालाच, आड्याला बांधलेली. एक पाय पायडलवर आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. कापडही पुढं सरकायचं, लेकरूही हलायचं. पायडल थांबलं की कोमल कुरकुर करायची, म्हणून माझं शिवण कधी मागं पडलं नाही.

आमचं घर सिद्धेश्वरच्या धरणाखाली, कालव्याला लागून. सातवीनंतर शाळा सुटली तशी मी माहेरी, आखाडा बाळापूरला, आईजवळ कुंच्या शिवायला शिकले. कुंची दिसते सोपी. डोक्याला गोल, पाठीवर घोळ, हनुवटीखाली नाडी. पण गोल चुकला तर लेकरू रडून रडून ती काढून टाकतं. माझी कोणी काढत नाही. आईनं एक गोष्ट पक्की शिकवली होती. कुंची झाली की आतल्या काठाला काळ्या दोऱ्याची एक गाठ मारायची. ती कुंचीची तीट. आणि गाठ मारताना ज्या लेकराची कुंची त्याचं नाव घ्यायचं, त्याला नजर न लागो म्हणायचं.

टेपच्या कॅसेटी मागं पडून घरोघर शिड्या आल्या होत्या त्या सालची ही गोष्ट. उन्हाळा होता. तांड्यावरची गोजरबाई दुपारच्या उन्हात काखेला गाठोडं मारून आली. आमच्या बचत गटाची कामं तीच आणायची.

"शिले, काम आणलं. शिडीला कुंची शिवायची हाय."

आत्याबाई डोळे न उघडताच बोलल्या, "शिडीला? काहून? भिताडाला टेकून टेकून थंडी वाजून राहिली का तिला?"

"ती शिडी न्हाई वो शकुबाई. गाण्याची. गोल, चमकती ती. औंढ्याला शहरातून आलेल्या त्या बाईनं म्हाताऱ्या बसवून पाळण्याची गाणी भरून घेतली न्हाई का, त्याची."

"तिचं नाव नको काढू. माझा पाळणा घेतला न्हाई तिनं. म्हणे तुमच्या तोंडात दात न्हाईत, गाण्यापेक्षा हवाच जास्ती येऊन राहिली."

गोजरबाई हसत हसत खाली बसली. तिनं सांगितलं ते असं, की मोठ्या शहरात लोक गाणं ऐकायच्या आधी कव्हर पाहतात. कोणी शिडी पत्र्याच्या डब्यात घालतं, कोणी लाकडाच्या पेटीत. एकाचं कव्हर तर म्हणे कागदाचं, पण उघडलं की कमळासारखं उमलतं. या बाईला पाळण्यांची शिडी कुंचीत पाहिजे होती. घेणाऱ्यानं आधी ती लेकरासारखी मांडीवर घ्यायची, मग हनुवटीखालची नाडी सोडायची, मग आतून शिडी काढायची. कपाळावरची कवड्यांची आणि आरशांची पट्टी तांड्यावरच्या बाया करणार, कुंची मी शिवणार. कापड जुन्या लुगड्यांचं, मऊ झालेलं.

"अन् ही मापाची शिडी," गोजरबाई म्हणाली. "कोरी हाय. हिच्यात गाणं न्हाई."

मी त्याच दुपारी नमुना शिवला. तोंडाच्या जागी गोल खिसा केला, शिडीची चमकती बाजू बाहेर ठेवली, गोजरबाईनं गाठोड्यातून आणलेली कवड्यांची एक पट्टी कपाळावर टाचली, नाडी बांधली आणि मशीनच्या फळीवर उभी करून पाहिली.

नुकत्या जन्मलेल्या लेकराचं तोंड असतं, तेवढंच ते तोंड होतं. मधलं भोक उघड्या तोंडासारखं.

"अगं माय," गोजरबाई म्हणाली. "हिला दृष्ट लागंल गं."

ती हे म्हणाली आणि माझा हात आपोआप काळ्या दोऱ्याकडं गेला. आतल्या काठाला गाठ मारली. नाव घ्यायला तोंड उघडलं, तर शिडीला कुठलं नाव? तोंडात जे रोज असतं तेच निघालं. कोमलला नजर न लागो.

२

त्यानंतर रोज दुपारी कुंच्या होत गेल्या. झालेली कुंची मी चादरीवर रचून ठेवायचे. त्या साऱ्या रिकाम्या. शिड्या शहरातच भरणार होत्या. नमुन्याचीच तेवढी भरलेली, ती मशीनवरच्या खुंटीला, डोळ्यांसमोर. प्रत्येकीला गाठ मारताना तेच नाव निघायचं. हाताला सवय लागली की तोंडालाही लागते.

एका दुपारी नाडीची लांबी बघायला मी खुंटीवरची कुंची खाली घेतली. नाडीची दोन्ही टोकं ओली होती.

लेकरं कुंचीची नाडी चोखतात. हे कोणत्याही आईला माहीत आहे. टोकाचा पीळ सुटतो, दोरा चपटा होतो आणि त्याला दुधाचा आंबूस वास येतो. ही टोकं तशीच होती. पीळ सुटलेला, वासही तोच.

मी म्हटलं, कोमलनं चोखली असेल. पण कोमल सकाळपासून त्या खोलीत नव्हती, आत्याबाईंनी तिला कालव्यावर नेलं होतं. मग म्हटलं, उंदीर. उंदीर कुरतडतो, चोखत नाही. मांजर? खुंटी माझ्या डोक्याच्याही वर. वर पाहिलं. आमचं छप्पर पत्र्याचं, आणि उन्हाळ्यात पत्र्यातून धूळ पडते, पाणी नाही.

शेवटी मी ठरवलं, माझाच हात ओला असेल. भांडी घासून आले होते.

नाडी बदलली. दुसऱ्या दिवशी नवी नाडीसुद्धा ओली होती. त्या दिवशी भांडी आत्याबाईंनी घासली होती.

३

पान्हा कसा येतो हे पुरुषाला सांगून कळत नाही. लेकरू रडलं की येतो. शेजारणीचं रडलं तरी येतो, एसटीत कोणाचं अनोळखी रडलं तरी येतो. कानाला कळायच्या आधी छातीला कळतं.

मी मशीनवर बसलेली. कोमल झोळीत गाढ झोपलेली. गावात कुठं चिटपाखरू नाही. लाइट गेलेली, तेव्हा पंख्याचाही आवाज नाही. आणि माझं पोलकं पुढून भिजून गेलं.

मी पायडल थांबवलं आणि कान दिला. कोणी रडत नव्हतं. खुंटीकडून फक्त कवडीवर कवडी वाजली. टिक. थोड्या वेळानं परत, टिक. वारा असेल म्हणून दाराकडं पाहिलं. दारातला पडदा सरळ खाली लोंबत होता.

मी कोमलला उचलून पाजायला घेतलं. तिनं तोंड लावलं आणि फिरवून घेतलं. रुसल्यासारखं नाही. पोट भरलेलं लेकरू फिरवतं तसं.

मग हे रोजचं झालं. दुपारी दूध वाहून जायचं आणि कोमल प्यायची नाही. हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पायाच्या वळ्या गेल्या. हाक मारली तर उशिरा बघायची.

माझे मालक सोमेश्वर, ते औंढा ते हिंगोली काळी-पिवळी जीप चालवायचे. त्यांनी आम्हाला औंढ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं तिच्या हिरड्या पाहिल्या. दात येऊन राहिलेत म्हणाला, बाटलीतलं औषध दिलं.

येताना जीपमध्ये मी सारं सांगितलं. नाडीचं, पान्ह्याचं.

"दिवसभर ती शिडी डोळ्यांपुढं टांगून बसतीस," ते म्हणाले. "माणसाला काहीबी वाटंल. कोरी हाय म्हणतीस ना? चल, लावूनच दाखवतो. एकदा मनातलं निघून जाईल."

घरी आल्या आल्या त्यांनी कुंचीतून शिडी काढली आणि टीव्हीखालच्या मशीनमध्ये घातली. मी कोमलला मांडीवर घेऊन बसले. मशीन घुरघुरलं. टीव्हीवर निळा रंग आला आणि कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं.

"नो डिस्क," त्यांनी वाचलं आणि हसले. "आता घ्या. शिडी आत फिरून राहिली, अन् हे म्हणतं शिडीच न्हाई."

मी हसायला खाली वाकले तर कोमल गप्प होती. डोळे उघडे, पण कुठंच बघत नव्हते. बुबुळं थरथरत होती, गरगर फिरवून सोडलेल्या लेकराची थरथरतात तशी. अंग ताठ.

"अहो, बंद करा."

"अगं नुसतं—"

"बंद करा म्हणते ना!"

त्यांनी बटण दाबलं. घुरघुर हळू होत थांबली. कोमलनं खोल श्वास घेतला आणि किंचाळून रडायला लागली.

"मशीनच्या आवाजाला दचकली," ते म्हणाले. पण त्यांनी शिडी दोन्ही हातांनी, काठाला धरून बाहेर काढली आणि माझ्याकडं दिली. परत त्या खोलीत काही लावलं नाही. रात्री टीव्हीसुद्धा नाही.

४

गोजरबाई माल न्यायला येणार होती त्या दिवशी सकाळी आत्याबाई कुंच्या मोजून चादरीत बांधायला लागल्या. बांधता बांधता त्यांनी खुंटीवरची काढली, उलटी केली आणि नाकाला लावली.

"शिले, ही कोणाच्या लेकराची हाय? दुरुस्तीला आली का?"

"कोणाची न्हाई, आत्याबाई. नमुन्याची हाय ती."

"मला शिकवती का? टाळूचं तेल लागलंय हिला. हे बघ."

डोक्याच्या गोलात, आतून, पिवळट डाग पडला होता. तेलाचा डाग, मधे जास्त, कडेला फिका. मी वास घेतला. खोबरेल तेल, दूध आणि घाम. तान्ह्या लेकराच्या टाळूचा वास. तो दुसऱ्या कशाचाही नसतो.

आत्याबाईंचं बोट आतल्या काठावरून फिरलं आणि गाठीवर थांबलं.

"तीट घातलीस हिला?"

"हाताला सवय हाय."

"अन् नाव?"

मी चादरीवरच्या कुंच्या सारख्या करायला लागले.

"शिले, नाव कोणाचं घेतलं?"

"कोमलचं."

आत्याबाई चादरीकडं बघायला लागल्या. "समद्यांला?"

"व्हय."

त्या म्हातारीला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. कालव्यात पाय घसरून पडली तेव्हासुद्धा ती आधी चप्पल शोधत होती. आता ती भिंतीला हात लावून खाली बसली.

"अगं, रिकाम्या कुंचीला कोणी नाव देतं का? तोंड दिलं, तीट दिली, नाव दिलं. मग राहिलं काय?"

मला तिचं खोटं ठरवायचं होतं. म्हणून मी कोमलकडं वळले. ती ओसरीत, उन्हाच्या पट्ट्यात, पाठमोरी बसली होती. चमच्यानं फरशी वाजवत होती.

"कोमल," मी हाक मारली.

तिनं बघितलं नाही. चमचा वाजवत राहिली.

"कोमल!"

आत्याबाईंच्या मांडीवर कवडी वाजली. टिक.

आत्याबाईंनी हात झटकन मागं घेतले. कुंची त्यांच्या मांडीवर पडून होती, तोंड माझ्याकडं. माझं पोलकं ओलं झालं.

"उसव," आत्याबाई म्हणाल्या. "ती यायच्या आत समद्या गाठी उसव. नाव काढून घे."

५

मी कात्री घेऊन बसले. कोमलला झोळीत घातलं, दोरी अंगठ्याला बांधली. आत्याबाई एकेक कुंची उलटी करून द्यायच्या, मी गाठीखाली कात्रीचं टोक घालायचे, काळा दोरा ओढून काढायचे. काही होत नव्हतं. कापड होतं, दोरा होता, निघत होता. निघालेले दोरे आत्याबाई चुलीत टाकत होत्या. करता करता मला बरं वाटायला लागलं. मनात म्हटलं, म्हातारीचं मन आणि माझं मन, दोन्ही सारखीच. मालकांना सांगितलं तर हसतील.

शेवटी नमुन्याची राहिली.

ती मी मांडीवर घेतली. दुसरी जागाच नव्हती, कुंची धरायची म्हणजे मांडीवरच धरावी लागते. डाव्या हातानं काठ उलटवला. गाठ सापडली. कात्रीचं टोक खाली घातलं आणि सहज शिडीकडं पाहिलं, की तिच्यात माझं तोंड दिसतं का.

नव्हतं दिसत. शिडी धुरकट झाली होती. मधल्या भोकाभोवती, रुपयाएवढी वाफ. मी पदरानं पुसायला गेले, तर ती आपोआप आकसली आणि गेली. शिडी लख्ख झाली. मग परत भोकापासून धुरकट होत कडेकडं पसरली. आणि परत गेली.

आरशाजवळ नाक नेलं की काच अशी होते.

बाहेर एवढं ऊन, की ओला फडका घडीभरात वाळत होता. मी माझा श्वास रोखून धरला. वाफ येत होती, जात होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पायाच्या अंगठ्याची दोरी हलत नाही. मी झोका द्यायचा विसरले होते, आणि कोमल कुरकुरली नव्हती.

मी कात्री तशीच धरून, दुसरा हात झोळीत घातला आणि तिच्या नाकासमोर बोट धरलं.

काही लागलं नाही.

शिडी धुरकट होती.

शिडी लख्ख झाली. माझ्या बोटाला ऊन श्वास लागला.

शिडी धुरकट झाली. बोटाला काही नाही.

मी किती वेळ तशी बसले कोण जाणे. एक इकडं, एक तिकडं. दोघींत एकच श्वास होता आणि तो वाटून घेत होत्या, ताटातली भाकर दोन बहिणी घेतात तसा, भांडण न करता.

"काहून थांबली?" आत्याबाई म्हणाल्या. "काप ना."

कात्रीचं टोक गाठीखाली होतं. नुसती बोटं मिटायची होती. गाठ कापली तर तिकडचा श्वास इकडं येईल, का दोन्हीकडचा जाईल? मला कोण सांगणार होतं? मी टोक जरा वर उचललं. दोरा ताणला. झोळीत कोमलच्या घशातून बारीक आवाज आला, गळ्यात घास अडकल्यासारखा.

मी कात्री बाहेर काढली आणि लांब सरकवली.

दारात गोजरबाईच्या कड्यांचा आवाज आला. ती घाम पुसत आत आली, चादरीचं गाठोडं डोक्यावर घ्यायला वाकली आणि मग हात पुढं केला.

"दे, नमुन्याची बी दे. बाईला मापाची शिडी वापस पाहिजे."

"ती न्हाई देत."

"काहून गं? तुला काय करायची?"

"ती कोमलची हाय."

गोजरबाई हसायला लागली. "अगं, पोरगी झोळीत झोपून राहिली अन् तू शिडीला—" बोलता बोलता तिनं माझ्या मांडीवर वाकून बघितलं.

हसू गेलं. तिनं ओढणी पुढं ओढली. कुंचीत तिला काय दिसलं हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. गाठोडं उचलून ती पाठ न फिरवता, मागं सरकत उंबऱ्यापर्यंत गेली.

"बाईला सांगते," ती म्हणाली, "हरवली म्हणून."

त्यानंतर ती कामं दुसऱ्याच्या हाती पाठवायला लागली.

६

त्या उन्हाळ्यापासून मी पाजायला बसले की कुंची मांडीवर घ्यायचे, कोमलच्या बाजूला. लोकांना काय वाटेल म्हणून दार लावून घ्यायचे. कोमल परत प्यायला लागली. अंग भरलं. मनगट्या घट्ट झाल्या.

एकदा मालक म्हणाले, पेटीत ठेव ती, घरात पाहुणे येतात. मी लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. कडी घालायच्या आत आत्याबाई ओरडल्या. कोमलचे ओठ निळे पडले होते. परत पेटीत ठेवली नाही. तिची जागा खुंटीलाच, उघड्यावर. मालक आता त्या खुंटीला सदरासुद्धा अडकवत नाहीत.

कोमल दुसरीत आहे. हुशार आहे. पळते, झाडावर चढते. शाळेतल्या बाई परवा मला म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे हो, पण वाचता वाचता मधेच थांबते. शब्द येत नाही असं नाही. थांबते, आणि मग जिथं थांबली तिथूनच पुढं वाचते. घरी कोणी रागावतं का?"

मी नाही म्हटलं. मला माहीत आहे. तेव्हा श्वास घ्यायची पाळी खुंटीवरच्या दुसरीची असते.

एवढं चाललं असतं. जन्मभर चालवलं असतं मी. पण दिवाळीपासून खुंटीवरच्या कुंचीची नाडी हनुवटीखाली पुरत नाही. शिडी तेवढीच आहे, मी मापाच्या पट्टीनं मापून पाहिली. तरी नाडी ताणावी लागते, आणि ताणली की कोमल शाळेतून घसा धरून येते. डोक्याच्या गोलाची शिवणही सुटायला आली आहे.

म्हणून काल नवी कापायला घेतली. मोठी. आत्याबाईंचं जुनं जांभळं लुगडं आहे, त्याचं पदराचं कापड. आत्याबाईंनीच ते पेटीतून काढून दिलं. आता त्यांना नीट दिसत नाही, पण मशीनच्या आवाजावरून त्यांना कळतं मी कुठपर्यंत आले.

"झाली?" त्या आज दुपारी म्हणाल्या.

"झाली."

"तीट?"

काळा दोरा सुईत ओवून ठेवला आहे. परत कोमल म्हटलं, तर हे असंच, एका श्वासात दोघी, आणि खुंटीवरची तर वाढून राहिली. दुसरं नाव घेतलं, तर तिला तिचा वेगळा श्वास लागणार. तो कुठून घेणार?

शाळा सुटायची वेळ झाली. कालव्याच्या रस्त्यानं पोरींचा आवाज येतो आहे, त्यात कोमलचा. हसते आहे, थांबते आहे, परत हसते आहे. खुंटीवर कवडी वाजते. आत्याबाई मान वर करून ऐकत बसल्या आहेत, आणि सुई माझ्या हातात आहे.